तू वाजवत ऱ्हाय

“तू बस, मी आलोच.”

एवढं म्हणून भाई उठले की समजायचं, आता ते कधी परत येतील हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नाही. पैठण गेटजवळच्या हॉटेलात आम्ही चहा सांगायचो. चहा टेबलावर यायच्या आत समोरच्या गल्लीत कुणीतरी ओळखीचं दिसायचं आणि भाई रस्ता ओलांडून पसार व्हायचे. दोन कप यायचे. एकावर साय धरायची. हॉटेलवाला उगाच टेबल पुसून जायचा, म्हणजे उठा आता. मग मी त्यांचाही कप पिऊन टाकायचो. भाई आले की रिकाम्या कपाकडं बघून मलाच विचारायचे, “अरे, मेरी चाय किधर गई?”

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नसतो. आपण सगळी वाक्यं मनात जुळवून बसतो आणि ती येतात हसत, हातात गरम भज्यांचा पुडा घेऊन.

पण भाई हेच वाक्य स्टेजवरही म्हणायचे. भर कार्यक्रमात, समोर मैदान भरून पोरं उभी असताना, गिटार वाजवता वाजवता माझ्याकडं वळायचे आणि ओरडून सांगायचे, “तू वाजवत ऱ्हाय, मी आलोच!” मी ड्रमवर. हा माणूस आता कुठल्या सुरांत शिरणार आणि कधी बाहेर येणार याचा मला पत्ता नसायचा. मी वाजवत राहायचो. आणि सांगायची गोष्ट ही, की चहाच्या टेबलावर कधी न पाळलेला शब्द भाई स्टेजवर प्रत्येक वेळी पाळायचे. परत यायचे, आणि असे यायचे की आम्हालाच वाटायचं, हे आधी ठरलेलं होतं की काय.

त्यांचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, आणि आम्ही तरी ते कुठं घेत होतो? सगळे भाईच म्हणायचो.

भाईंचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळलेले पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी. ऐन मे महिन्यात आमच्या घरची मोटार जळाली आणि मी ती स्कूटरवर घालून त्यांच्याकडं नेली. आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे इथल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी मोटार चालू नसेल तर घरात काय होतं, त्याचा मी नेऊन ठेवलेल्या मोटारीकडं बघत विचार करत होतो. भाई बुटक्या स्टुलावर बसून तांब्याची बारीक तार गुंडाळत होते. मी बाजूच्या रिकाम्या डब्यावर बोटांनी ताल धरला होता. मान वर न करता ते म्हणाले, “डाव्या हाताला लई घाई हाय तुझ्या.”

मला राग आला. वाइंडिंगवाल्यानं वाइंडिंग करावं ना!

“कुठं वाजवतो?”

“कॉलेजात वाजवायचो. आता नोकरी आहे.”

“वर चल.”

दुकानावरच्या खोलीत भिंतभर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले होते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तरी तो जायचाच. खालून वॉर्निशचा वास वर यायचा. एक ड्रमसेट होता, त्याची एक झांज चिरलेली. आणि कोपऱ्यात भाईंची गिटार, लाल रंगाची, हात लागून लागून जिथं रंग उडाला होता तिथं लाकूड दिसत होतं. त्या दिवशी आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत वाजवत बसलो. मोटार खाली तशीच पडून राहिली. घरी टाकीत थेंब नव्हता, आई शेजाऱ्यांकडून कळशा भरून आणत होती, आणि मी इथं ड्रम बडवत होतो. त्यावरून घरी जे झालं ते झालं, पण मी त्या खोलीत जायचा थांबलो नाही.

आमच्या बँडचं नाव ‘त्रेपन्नावा दरवाजा’. शहराला बावन्न दरवाजे आहेत असं म्हणतात, म्हणून आमचा त्रेपन्नावा. कुणी विचारलं, “हा कुठं आला हो?” तर भाई गंभीर चेहऱ्यानं पत्ता सांगायचे, रोशन गेटवरून सरळ जा, डावीकडं वळा, कुणालाही विचारा. एक गृहस्थ खरंच शोधून आले होते म्हणे. राजू बेस वाजवायचा, तो पाचोडकडचा, शाळेत मास्तर. अमोल गायचा, विमा कंपनीत होता. आणि मी. चौघंच.

कार्यक्रम म्हणजे कॉलेजांची गॅदरिंग, लॉनवरचे समारंभ, एखाद्या नव्या कॅफेचं उद्घाटन. समोरच्यांना निम्मा वेळ हिंदी सिनेमाची गाणी हवी असायची. आम्ही ती वाजवायचो, मधूनमधून आमची घुसवायचो. आमचं एक गाणं मात्र पोरांनी उचललं होतं. पाण्याच्या टँकरवरचं होतं ते. टँकर गल्लीत शिरतो तेव्हा जी पळापळ होते ती भाईंनी गिटारवर धरली होती. सगळी बोटं एकामागोमाग तारांवरून अशी धावायची की पहिल्या सुरालाच पोरं ओरडायला लागायची, “टँकर! टँकर!”

आणि प्रत्येक कार्यक्रमात एक जागा भाई रिकामी ठेवायला लावायचे. त्या जागेला त्यांचा शब्द होता ‘मैदान’. एखादं गाणं मध्यावर आलं की राजू आणि मी एकच चाल धरून ठेवायची आणि भाईंनी सुटायचं. इंग्रजीत याला जॅमिंग म्हणतात हे तुम्हाला माहीत असेल. तालमीत मैदानाचा एक सूरही ते वाजवू द्यायचे नाहीत. काय करायचं ते ठरवायचं नाही. ज्याचं झालं त्यानं हनुवटी उचलून दुसऱ्याला सांगायचं, आता तू. कधी राजू सुटायचा, कधी मी. शेवटी भाई गिटारची मान वर उचलायचे, ती खाली आली की सगळ्यांनी एकदम मूळ गाण्यात उतरायचं.

अमोलला हे पटत नव्हतं, आणि तो तोंडावर बोलायचा. “भाई, दहाला पोलीस आवाज बंद करायला लावतात. मैदानात पाऊण तास गेला तर माझी गाणी राहतात. लोक गाणी ऐकायला येतात.”

“गाणं तर त्यांच्या खिशात हाय, मोबाईलमंदी,” भाई म्हणायचे. “त्यासाठी इथवर कशाला येतील? जे खिशात नाय ते दे ना त्यान्ला.”

“हे असं इंग्रजी बँडवाले वाजवायचे. आता तेही वाजवत नाहीत.”

“ये क्या अंग्रेजों ने निकाला? खुलताबादच्या उरुसात बसलाय का कधी? कव्वाल एका ओळीवर अडतो. ओळ तीच, शंभर वेळा तीच. का? समोर एखादा म्हातारा रडायला लागलेला असतो. त्याला तसाच सोडून पुढच्या ओळीवर कसं जायचं? तो सावरेपर्यंत थांबावं लागतं. मैदान म्हंजे तेच. कोन रडतंय ते बघायचं अन् थांबायचं.”

अमोल पुढच्या वेळी पुन्हा तेच म्हणायचा.

मला विचाराल तर मी त्या जागेसाठीच जगत होतो. माझी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात. तयार झालेला नग आधीच्या नगासारखाच आहे ना, हे बघायचं माझं काम. केसभर फरक दिसला की बाजूला काढायचा. आठवडाभर हे केल्यावर शनिवारी संध्याकाळी कुणीतरी आपल्याला म्हणतं, आता जे काल झालं नव्हतं ते कर. हे काय सुख आहे ते मला नीट सांगता येत नाही. स्टेजवरून एक गोष्ट मात्र मी नेहमी बघायचो. ओळखीचं गाणं लागलं की सगळे मोबाईल वर जायचे. मैदान सुरू झालं की हळूहळू खाली यायचे. कधी सुरू झालं, कधी संपणार, काहीच माहीत नसल्यावर माणूस काय रेकॉर्ड करणार? मग तो नुसता ऐकायला लागतो. तोंड जरा उघडं पडतं. ते चेहरे मला फार आवडायचे.

एका इंजिनीअरिंग कॉलेजात मैदान ऐन भरात असताना भाईंची तार तुटली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. “तू वाजवत ऱ्हाय, मी आलोच!” आणि गिटार घेऊन पडद्यामागं गेले. मी आणि राजू वाजवत राहिलो. राजू घाबरून एकाच सुरावर अडून बसला, मी त्या सुराभोवती जमेल ते करत होतो. घामानं काठी हातातून निसटायला लागली. आणि मग पडद्यामागूनच गिटारचा सूर आला. भाई नवी तार लावत होते, आणि ती सुरात आणता आणता, तो तिचा कण्हण्यासारखा आवाजच त्यांनी आमच्या तालात बसवला होता. ते वाजवतच बाहेर आले. पोरं वेडी झाली. नंतर प्राचार्य येऊन म्हणाले, “फारच छान बसवलंय तुम्ही. किती दिवस तालीम केली?” भाई म्हणाले, “साहेब, लई दिवस.” प्राचार्यांनी मान डोलावली.

आता पुढचं सांगायचं म्हणजे मला जरा जड जातं.

टँकरच्या त्या धावत्या तुकड्यात एक दिवस सूर चुकला. आम्ही हसलो. पुढच्या वेळीही तिथंच चुकला. भाई म्हणाले तार जुनी झाली. तार बदलली. मग म्हणाले हवा दमट आहे. आमच्याकडं दमट हवा! हळूहळू टँकर मागं पडायला लागलं. “आज टँकर नको. आज मैदान मोठं ठेवू.” पोरं ओरडायची, भाई हात हलवून हसायचे आणि मैदान सुरू करायचे. ते लांबत चाललं होतं, आणि आता भाई लोकांकडं पाठ करून, माझ्याकडं तोंड करून वाजवायला लागले होते. लोकांना ती स्टाइल वाटली. मला बरंच वाटलं, माणूस आपल्याकडं बघून वाजवतोय म्हणून. मग एकदा माझी नजर त्यांच्या डाव्या हातावर गेली. करंगळीच्या शेजारचं बोट तळहातात दुमडून बसलं होतं, पाहुण्यांना बघून आईच्या पदराआड लपलेल्या पोरासारखं. बाकीची तीन बोटं त्याला चुकवून, वळसा घालून वाजवत होती.

ठरलेल्या गाण्यात कुठला सूर यायचा ते सगळ्यांना ठाऊक असतं. तो आला नाही की लगेच कळतं. मैदानात काय यायचं होतं हे कुणालाच ठाऊक नसतं. जे येतं ते बरोबर. भाई तिथं आसऱ्याला गेले होते, आणि आम्हाला वाटत होतं ते रंगात आलेत.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. ते तार गुंडाळत होते. मी काही विचारायच्या आत त्यांनी डावा हात माझ्यापुढं धरला. “बघ.” बोटं उघडली, मिटली. तेच बोट केसासारखी बारीक तार अलगद पुढं सारत होतं. त्यांनी शर्टाचं बटण लावून दाखवलं. मग मला घेऊन वर गेले आणि गिटार मांडीवर घेतली. तारेला हात लागला मात्र, ते बोट आत वळलं. त्यांनी उजव्या हातानं ते उघडलं. सोडलं की पुन्हा आत.

“घरचं सगळं काम करतो बेटा. फक्त इथंच रुसतो,” भाई बोटाकडं बघत म्हणाले. आवाजात राग नव्हता. मला वाटतं राग असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरकडं मी त्यांच्याबरोबर गेलो. पहिल्या डॉक्टरांनी हात दाबून बघितला, पेन धरायला लावलं, मूठ आवळायला लावली. “हात तर उत्तम आहे तुमचा. त्रास कधी होतो?”

“गिटार वाजवताना.”

“मग नका वाजवू.”

दुसरे मेंदूचे डॉक्टर होते, चांगले होते. त्यांनी बसवून समजावलं. वर्षानुवर्षं एकच बारीक काम केलं की कधीकधी मेंदूकडून त्या बोटाला जाणारा निरोप चुकतो. तोही त्या एकाच कामापुरता. कलाकारांना होतो असा त्रास. इंजेक्शन देऊन बघता येईल, खात्री नाही. देऊन बघितलं. बोट लुळं पडलं, तार गुंडाळता येईना, तेवढे दिवस दुकान बसलं. औषध उतरलं आणि बोट परत आत. भाईंनी बोटाला आइस्क्रीमची काडी बांधून बघितली. हातमोजे घालून वाजवून बघितलं. गिटार उलटी धरली. सिल्लोडला त्यांचा भाऊ होता, त्यानं तेल पाठवलं, त्यांच्या मामूंनी ताईत दिला. ज्यानं जे सांगितलं ते सगळं केलं.

एकदा मी गेलो तेव्हा भाभी दाराशी थांबवून हळू आवाजात म्हणाल्या, “हाथ तो ठीक है इनका. पाणी भरते, मेरा डिब्बा भी खोल के देते. फिर चेहरा ऐसा कायकू हो गया? तुम बोलो ना कुछ. तुम्हारा सुनते वो.” मी मान हलवली आणि वर गेलो. वर भाई खिडकीत बसले होते. मी ड्रमपाशी जाऊन झांजेचा नट उगाच पिळत बसलो. माझ्यासारख्या निरुपयोगी माणसाला भाभींनी ते काम का सांगितलं असेल, याचं मला अजून वाईट वाटतं.

तोड काढली ती अमोलनं. ज्याला मैदान नको असायचं त्यानंच. तालमीत तो आपला म्हणाला, “गाण्यांतली गिटार मी धरतो. जमतं मला थोडंफार. भाईंनी फक्त मैदान करायचं.”

भाईंनी गिटार मांडीवरून खाली ठेवली. मग लहान मुलानं खात्री करून घ्यावी तसं विचारलं, “म्हंजे मैदान माझं?”

“तुमचंच, भाई.”

राजू शाळेतल्यासारखा टाळ्या वाजवायला लागला. आम्ही सगळे हसलो. मला रडू येत होतं.

त्या हिवाळ्याची सुरुवात चांगली झाली. भाई गाण्यांच्या वेळी अ‍ॅम्पशेजारी खुर्ची टाकून बसायचे, मान डोलवायचे. मैदान आलं की उठायचे. पूर्वी ते पावसासारखे कोसळायचे. आता दोन-चारच सूर लावायचे, पण त्यातला एकेक असा ताणायचे की संपूच नये वाटायचं. राजू एकदा खाली उतरल्यावर डोळे पुसत म्हणाला, “भाई, आज काय खरं नव्हतं बघा. लई रडवलं तुमी.” अमोलनं त्या दिवशी स्वतःचं एक गाणं सोडून दिलं आणि मैदान लांबवायची खूण केली. भाईंनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मोठं बक्षीस मिळालं होतं.

पण शेजारचं बोट वळायला लागलं होतं. ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मला दिसत होतं हे मी त्यांना सांगितलं नाही.

बीड बायपासच्या एका लॉनवर कार्यक्रम होता. डिसेंबरची थंडी, लोक शाली गुंडाळून जेवणाच्या वासात बसलेले. मैदान आलं. मी आणि राजूनं चाल धरली. भाई उठले, शर्टाच्या बाहीला हात पुसला, माझ्याकडं वळले. पहिला सूर लागला. दुसरा लागला. तिसऱ्याला सगळा पंजाच मिटला.

त्यांनी तो उघडला. मिटला. पुन्हा उघडला. लोकांकडं पाठ होती, म्हणून हे फक्त मला दिसत होतं. मी वाजवत होतो. भाईंनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. नेहमीचंच हसू. मग जवळ येऊन, माझ्या झांजेवर ओणवे होऊन म्हणाले, “तू वाजवत ऱ्हाय. मी आलोच.”

गिटार गळ्यातून काढून त्यांनी अ‍ॅम्पला टेकवून ठेवली. अ‍ॅम्पचा आवाज चालूच होता. मागच्या पायऱ्यांवरून ते खाली उतरले.

तुम्हाला वाटेल, उठून का गेला नाहीस? मैदानात बाकी कुणालाही उठता येतं, ड्रमवाल्याला नाही. तो थांबला की सगळं कोसळतं. आणि येणारा माणूस कशावर येणार? मी थांबलो असतो आणि त्याच क्षणी भाई पायरी चढत असते तर? राजू डोळ्यांनी विचारत होता, काय झालं. अमोल मागं वळून वळून बघत होता. मी वाजवत होतो. आणि ती टेकवून ठेवलेली गिटार माझ्या ठोक्यांनी हादरून आपली आपणच घुमायला लागली होती. ठोका पडला की तारा कण्हायच्या, थांबला की कमी व्हायच्या. लोकांना वाटलं, काय कल्पना आहे! माणसाशिवाय गिटार! लोक उभे राहिले. आम्हाला इतक्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. माझे हात भरून आले, मनगटं सुन्न झाली, तरी मी पायऱ्यांकडंच बघत होतो. शेवटी अमोलनं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही गाण्यात उतरलो. गिटारची मान उचलून खूण करणारं कुणी नव्हतं, त्यामुळं तिघं तीन वेगळ्या वेळी उतरलो.

खाली त्यांची स्कूटर नव्हती.

सकाळी दुकान उघडं होतं. भाई तार गुंडाळत होते, चारही बोटं शहाण्यासारखी कामाला लागलेली. मी समोर उभा राहिलो.

“तुम्ही येतो म्हणाला होता.”

“मी आलो असतो रे,” भाई तारेवरची नजर न काढता म्हणाले. “हात आला नाय.”

मी गिटार परत आणली होती. त्यांनी ती हातात घेतली नाही. “ठेव तुझ्याकडं,” म्हणाले.

पुढं ते सिल्लोडला भावाकडं गेले. तिकडं विहिरींच्या मोटारी असतात, काम भरपूर. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. वरच्या खोलीतले अंड्यांचे ट्रे नव्या मालकानं काढून टाकले. फोन केला की भाई बोलतात, आईची तब्येत विचारतात, मक्याला पाऊस कसा झाला ते सांगतात. गिटारचं नाव त्यांनी काढलं नाही, मी काढायला गेलो की त्यांना दुकानावर गिऱ्हाईक येतं.

मैदान आम्ही अजून ठेवतो. ते बंद करू असं अमोलही म्हणत नाही. ती लाल गिटार अ‍ॅम्पला टेकवून ठेवतो, मी आणि राजू चाल धरतो आणि ती घुमते. त्याला काही जॅमिंग म्हणता येणार नाही. मैदानात समोरचा काय म्हणतोय ते ऐकून उत्तर द्यायचं असतं. ही नुसतीच कण्हते.

यंदाच्या जानेवारीत सिल्लोडच्याच एका कॉलेजचं गॅदरिंग मिळालं. मी भाईंना फोन केला. “बघतो,” म्हणाले. राजूनं पहिल्या रांगेत एक खुर्ची धरून ठेवली होती. संध्याकाळ झाली, सूत्रसंचालकानं तिथं कुणा पाहुण्यांना बसवलं. गाणी झाली. भाई दिसले नाहीत. मैदान आलं, आम्ही चाल धरली, गिटार घुमायला लागली. सवयीनं मी डावीकडं पायऱ्यांकडं बघितलं.

पायऱ्यांपलीकडं चहाची गाडी होती. तिच्या दिव्याखाली भाई उभे होते, स्वेटर घालून, कानाला मफलर. डोळे मिटलेले. उजवा हात त्यांनी पोटाशी आडवा धरला होता आणि त्या हाताच्या नळीवर डाव्या हाताची बोटं चालत होती. चारही. एकही दुमडलेलं नव्हतं. धावत होती, ताणत होती, थांबत होती, पुन्हा धावत होती. मी ठोका बदलला, तशी बोटं बदलली. मी हळू झालो, ती हळू झाली. ते मला उत्तर देत होते. एवढ्या दिवसांनी आम्ही मैदानात होतो, आणि त्यातला एक सूरही कुणाला ऐकू येत नव्हता. मलाही नाही.

मला उठून धावत जायचं होतं. त्यांना हाताला धरून वर आणायचं होतं. पण वर आणून करायचं काय? तारेला हात लागला की बोटं मिटणार होती. आणि मी थांबलो असतो तर ती तिथंही थांबली असती. म्हणून मी वाजवत राहिलो. राजूनं दोनदा बघितलं, अमोलनं घड्याळ दाखवलं. मी थांबेना. मग भाईंनी डोळे उघडले, हनुवटी उचलून माझ्याकडं बघितलं आणि उजवा हात, जणू गिटारची मानच, वर उचलून खाली आणला. आम्ही तिघं एकदम गाण्यात उतरलो. अमोलला कळलंच नाही एवढं बरोबर कसं जमलं.

अजून एक गाणं बाकी होतं. ते संपताच मी काठ्या टाकून खाली धावलो. गाडीजवळ कुणी नव्हतं. लाकडी फळीवर दोन चहा ठेवलेले होते.

“मफलरवाले चाचा?” चहावाला म्हणाला. “आत्ता हितंच व्हते. दोन सांगितले. म्हणले, ड्रमवाला येईन, त्याला बसव. मी आलोच.”

मी बाकावर बसलो. एक चहा प्यायलो. पोरं पांगली, स्टेजवरचे दिवे उतरवायला लागले. राजूनं गाडीतून हॉर्न दिला. दुसऱ्या चहावर साय धरली होती. चहावाल्यानं तो उचलायला हात पुढं केला.

“गार झाला. ओतून देऊ?”

“राहू द्या,” मी म्हणालो. “येतायत ते.”